फोनचा पडदा काळा पडलाय: घरीच बघायचं, सर्व्हिस सेंटरला द्यायचा, नाक्यावर द्यायचा की नवा घ्यायचा?

मावशीचा फोन स्वयंपाकघरातल्या ओट्यावरून पडला. काचेला ओरखडाही नाही, पण पडदा काळा ठिक्कर. फोन वाजत होता, फक्त उचलता येत नव्हता. मावसभाऊ म्हणाला, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दे. शेजारचे काका म्हणाले, नाक्यावर दे, अर्ध्या पैशात होईल. मी म्हणाले, चार वर्षांचा फोन आहे, नवा घे. मावशीला मात्र फोनचं काही पडलंच नव्हतं. तिला आतले फोटो हवे होते, आमच्या गेलेल्या काकांच्या शेवटच्या वर्षातले.

तिघांचेही सल्ले आपापल्या जागी बरोबर होते, पण कोणीच तिला काय वाचवायचंय ते विचारलं नव्हतं. फोन वाचवायचा असेल तर एक दार ठोठवायचं आणि डेटा वाचवायचा असेल तर दुसरं. ही दोन दारं बरेचदा एकमेकांच्या विरुद्ध दिशेला असतात, म्हणून खालची तुलना त्याच हिशेबाने केली आहे.

आधी घरी: फोन गेलाय की फक्त डिस्प्ले?

दुसऱ्या फोनवरून रिंग द्या. वाजला, थरथरला, चार्जर लावल्यावर आवाज आला किंवा कॉम्प्युटरला जोडल्यावर त्याने ओळखला, तर फोन जिवंत आहे आणि बिघाड बहुधा डिस्प्लेत किंवा त्याच्या कनेक्टरमध्ये आहे. यातलं काहीच झालं नाही, तर बॅटरी, चार्जिंगचा पोर्ट (केबल लावायची खाच) किंवा बोर्ड (आतली मुख्य सर्किटची पाटी) यांच्याकडे संशय जातो. फोन साध्या एलसीडी पडद्याचा असेल तर अंधाऱ्या खोलीत त्यावर टॉर्च तिरका मारून बघा. अंधुक चित्र दिसलं तर गेलाय तो मागचा बॅकलाइट. अ‍ॅमोलेड पडद्याला ही युक्ती लागू नाही, कारण त्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, मागे दिवा नसतोच.

पूर्ण उतरलेली बॅटरीही अशीच फसवते. वेगळी केबल आणि वेगळा चार्जर लावून फोन तासभर तसाच ठेवा. त्याआधी पोर्टमध्ये खिशातला कापूस अडकलाय का पाहा आणि असेल तर लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा.

मग येतं जबरदस्तीचं रीस्टार्ट. बहुतेक अँड्रॉइड फोनवर पॉवरचं बटण सुमारे ३० सेकंद दाबून धरायचं. सॅमसंगवर आवाज कमी करायचं बटण आणि पॉवर दोन्ही एकत्र, सात सेकंदांहून जास्त. आयफोन ८ आणि त्यानंतरच्या मॉडेलवर आवाज वाढवायचं बटण दाबून सोडायचं, आवाज कमी करायचं दाबून सोडायचं आणि मग बाजूचं बटण अ‍ॅपलचं चिन्ह दिसेपर्यंत धरून ठेवायचं. फोन पडला नसेल, भिजला नसेल, एखादं अ‍ॅप चालू असताना किंवा अपडेटनंतर थिजला असेल, तर याने तो बरेचदा उठतो आणि एक पैसाही लागत नाही.

पण पडलेल्या आणि अजून वाजणाऱ्या फोनवर हे करायची घाई करू नका. चालू फोन तुम्ही सकाळी एकदा पिन टाकून उघडलेला असतो. रीस्टार्ट झाला की तो पुन्हा पूर्ण बंद कुलपात जातो. बोटाचा ठसा चालत नाही, आधी पिनच लागतो, आणि तो टाकायला पडदा नाही. ज्या कॉम्प्युटरवर आयफोनचा बॅकअप पूर्वी घेतला आहे, तोही पिन टाकेपर्यंत काही काढू शकत नाही. तेव्हा आधी त्या कॉम्प्युटरला जोडून बॅकअप होतोय का बघा, रीस्टार्ट त्यानंतर. व्हॉट्सअ‍ॅप लॅपटॉपवर आधीच जोडलेलं असेल तर फोन बंद असला तरी १४ दिवस ते चालू राहतं. तेवढ्यात महत्त्वाचे फोटो आणि कागद उतरवून घ्या.

चित्र दिसतंय पण टच मेलाय, अशा अँड्रॉइडला ओटीजीचा छोटा जोड (फोनला यूएसबीच्या वस्तू लावायचा) घेऊन कॉम्प्युटरचा साधा माउस लावा. बाण पडद्यावर येतो आणि सगळं काम होतं. गॅलेक्सी एस मालिकेसारखे काही महागडे फोन केबलने टीव्हीला किंवा मॉनिटरलाही चित्र देतात. स्वस्तातल्या बहुतेक फोनमध्ये ती सोय नसते.

घरी थांबायचं कुठे, तेही स्पष्ट सांगते. फोन भिजला असेल तर बंद करा, चार्जिंगला लावू नका आणि तांदळाच्या डब्यात ठेवू नका. दर पावसाळ्यात हा उपाय घरोघरी होतो. पण तांदळाचे कण आत जाऊन आणखी नुकसान होऊ शकतं, असं अ‍ॅपलने जानेवारी २०२४ मध्ये आपल्या ग्राहकांना लेखी बजावलं आहे. पाण्यातल्या क्षारांमुळे बोर्डवर गंज धरतो, आणि तांदूळ तो गंज काढत नाही. त्याच दिवशी बोर्ड उघडून साफ करून घेणं हाच उपाय. आणि पडदा कडेने उचलला गेला असेल, फोनचं पोट फुगलं असेल, तर ती बॅटरी फुगली आहे. तो दाबून बसवू नका, चार्ज करू नका.

सर्व्हिस सेंटर: फोनसाठी उत्तम, डेटासाठी बेभरवशाचं

वॉरंटी चालू असेल आणि फोन पडला-भिजला नसेल, तर दुसरीकडे जाण्याचा प्रश्नच नाही. विमा किंवा अ‍ॅपलकेअर प्लस, सॅमसंग केअर प्लस यासारखी योजना घेतली असेल तरीही आधी इथेच या. बाहेर उघडलेला फोन पाहिला की दाव्यात अडचण येते. बऱ्याच फोनमध्ये सिमच्या खाचेजवळ ओलावा दाखवणारी पट्टी असते. ती लाल झालेली दिसली की फुकट दुरुस्तीचं बोलणं तिथेच संपतं.

वॉरंटी संपली असली तरी एकदा विचारून घ्या, कारण काही बिघाड कंपनी स्वतः मान्य करते. आयफोन ११ च्या काही फोनमध्ये टच बंद पडत होता. नोव्हेंबर २०१९ ते मे २०२० या काळात बनलेल्या अशा फोनचा डिस्प्ले अ‍ॅपलने मोफत बदलून दिला. वनप्लसने २०२३ मध्ये भारतात आपल्या काही जुन्या मॉडेलना पडद्यावर हिरवी रेष उमटण्याच्या बिघाडासाठी आजीवन स्क्रीन वॉरंटी जाहीर केली. तुमच्या मॉडेलसाठी असं काही आहे का, हे विचारायला दोन मिनिटं लागतात.

इथे मिळणारा डिस्प्ले अस्सल असतो, कडेचं सील नीट बसवतात, पक्कं बिल मिळतं आणि दुरुस्तीवर हमी असते. अ‍ॅपलची ती किमान ९० दिवसांची आहे. किंमत मात्र जबर, वर १८ टक्के जीएसटी. काही मॉडेलमध्ये डिस्प्ले फ्रेमसकट बदलतात, मग आकडा आणखी चढतो. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला बहुतेक वेळा जिल्ह्याचं ठिकाण गाठावं लागतं, तेही दोनदा, द्यायला आणि आणायला.

डेटाचं काय? फोन जमा करताना एका कागदावर सही घेतात की डेटाची जबाबदारी आमची नाही. तो कागद वाचा, त्याचा अर्थ अगदी शब्दशः घ्यायचा असतो. नुसता डिस्प्ले गेला असेल तर डेटा सहसा राहतो. पण बोर्डवर एखादा आयसी (छोटी चिप) शॉर्ट झाला असेल, तर सर्व्हिस सेंटर तो भाग दुरुस्त करत बसत नाही, अख्खा बोर्ड बदलतं. फोन नव्यासारखा चालू होतो आणि आतलं सगळं गेलेलं असतं.

नाक्यावरचं दुकान: माणूस बघून

पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत मनीष मार्केट किंवा लॅमिंग्टन रोड, आणि प्रत्येक गावात एसटी स्टँडजवळची दोन-चार दुकानं. बाहेरून सगळी सारखीच दिसतात, पण आत दोन वेगळ्या जाती आहेत. एक, फोल्डर बदलणारे. फोल्डर म्हणजे टच आणि डिस्प्लेचा जोड, काहीजण त्याला कॉम्बो म्हणतात. दुसरे, बोर्डवर काम करणारे. टेबलावर मायक्रोस्कोप आणि हॉट एअर (गरम हवेने चिप काढायचं यंत्र) दिसलं तर तो दुसऱ्या जातीचा. फोन पूर्ण मेला असेल आणि डेटा हवा असेल, तर मी डोळे मिटून या दुसऱ्याकडे जाईन, सर्व्हिस सेंटरला नाही. तो बिघडलेला भाग शोधून तेवढाच बदलतो, बोर्ड तुमचाच राहतो.

बोर्ड तोच राहणं का महत्त्वाचं? आजच्या फोनमधला डेटा कुलूपबंद असतो आणि त्याची किल्ली त्याच बोर्डवरच्या मुख्य चिपमध्ये असते. मेमरीची चिप काढून दुसऱ्या बोर्डवर लावली तर काहीही वाचता येत नाही. म्हणून ‘बोर्ड बदलून डेटा काढून देतो’ असं कोणी म्हणालं तर फोन परत घ्या. आणि ‘सॉफ्टवेअर मारून बघू’ (म्हणजे सॉफ्टवेअर नव्याने टाकून बघू) असं म्हणाला तर आधी विचारा, डेटा जाईल का. बरेचदा जातो.

फोल्डरच्या दर्जावर सगळ्यात जास्त फसगत होते. अ‍ॅमोलेड फोनला दुकानदार स्वस्तातला टीएफटी (साध्या एलसीडी जातीचा) फोल्डर बसवून देतात. दिसायला पहिल्या दिवशी ठीक वाटतो. मग लक्षात येतं की पडद्याखालचा फिंगरप्रिंट चालत नाही, कारण टीएफटीच्या मागच्या थरातून सेन्सरला बोट दिसतच नाही. काळा रंग राखाडी दिसतो, उन्हात वाचता येत नाही, बॅटरी लवकर उतरते. फोल्डर जाड असल्याने कडा वर राहतात. ‘ओरिजिनल’ हा शब्द बाजारात इतका झिजलाय की त्यावर भिस्त ठेवू नका. सरळ विचारा (ओएलईडी म्हणजे अ‍ॅमोलेडच्याच जातीचा पडदा): दादा, ओएलईडी आहे की टीएफटी? फिंगर चालेल का? बिलावर तसं लिहून द्याल का? तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून दुकान कळतं. आयफोन ११ पासून पुढे बाहेरचा डिस्प्ले बसवला की सेटिंगमध्ये तशी नोंदही दिसते, पुढे विकताना ती आडवी येते.

पिन कागदावर लिहून देऊ नका. डिस्प्ले लावला की स्वतः टाका आणि टच, कॅमेरा, कॉलच्या वेळी पडदा बंद होणं, हे सगळं काउंटरवरच तपासा. सॅमसंग आणि पिक्सेलमध्ये दुरुस्तीच्या वेळी खासगी गोष्टी झाकायची सोय आहे, पण ती सुरू करायलाही पडदा लागतो. त्यामुळे काळ्या पडद्याच्या वेळी समोर बसून काम करून घेणं हीच सुरक्षा.

नवा फोन: कधी?

माझा हिशेब असा आहे. फोन चालू असता तर आज किती रुपयांना विकला गेला असता, तो आकडा काढा. दुरुस्ती त्याच्या निम्म्याहून महाग असेल, तर पैसे नव्या फोनकडे वळवा. समजा १५,००० चा फोन तीन वर्षांनी ५,००० ला जाईल आणि सर्व्हिस सेंटर ६,००० सांगतंय, तर उत्तर समोरच आहे. सुरक्षेचे अपडेट यायचे थांबले असतील तर मी निम्म्याच्याही खाली थांबेन, कारण त्याच फोनवर बँक असते. उलट, दीड वर्षाचा चांगला फोन असेल, तर अस्सल डिस्प्ले महाग वाटला तरी तो घ्यावा.

नवा घ्यायचं ठरलं तरी जुन्यातला डेटा उरतोच. इथे, आणि फक्त इथेच, स्वस्त कॉपी फोल्डर हा योग्य निर्णय ठरतो. तो तासभर चालला तरी पुरे.

कोणतंही दार निवडा, फोन हातातून सोडण्याआधी सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. सिम घरातल्या जुन्या फोनमध्ये घाला म्हणजे ओटीपी येत राहतील, आणि त्याच सिमवरून यूपीआय पुन्हा नोंदवता येईल. ई-सिमवाल्यांची इथे अडचण होते, कारण ते उचलून दुसरीकडे घालता येत नाही. बहुतेक वेळा ओळखपत्र घेऊन सिमच्या कंपनीच्या दुकानात जावं लागतं, ते काम पहिल्याच दिवशी करा. दुरुस्तीत फसवणूक झाली, बिल असूनही दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती एका ठिकाणी मिळावी म्हणून केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टलही सुरू केलं आहे.

मावशीचा फोन पहिल्या दुकानात ‘बोर्ड गेलाय’ म्हणून परत आला. वाजणाऱ्या फोनचा बोर्ड कसा जाईल, हे तिथे विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही. दुसऱ्या दुकानातल्या मुलाने फोन उघडला आणि टेस्टिंगचा फोल्डर नुसता कनेक्टरला लावला, बसवला नाही. पडदा उजळला. मावशीने स्वतः पिन टाकला आणि आम्ही काउंटरवर उभ्या राहून फोटो तिच्या नव्या फोनमध्ये घेतले, पाऊण तास लागला. मुलगा घाई करत नव्हता. तिने नव्या फोनवर काकांचे फोटो एकेक उघडून पाहिले, सगळे आलेत म्हणाली, तेव्हाच जुना फोन तिथल्या तिथे रीसेट केला आणि मग त्याने फोल्डर काढला.