क्रूझ खरी निघाली, विमान आणि हॉटेल मात्र हवेत

परदेशातून निघणारी क्रूझ ठरवली असेल आणि 'विमान-हॉटेल सगळं पॅकेजमध्येच आहे' असं एजंटनं सांगितलं असेल, तर आजच्या आज एक फोन थेट हॉटेलला करा. एजंटला विचारून काही कळणार नाही. आमच्या एजंटचं बिंग फुटलं ते त्या एका फोनमुळेच, आणि तोही भलत्याच कारणासाठी केलेला होता.

आम्ही चौघं होतो. मी, हे, धाकटे दीर आणि जाऊबाई. माझी सगळी नोकरी पतसंस्थेत गेली, त्यामुळे पावतीचा कपटासुद्धा फाइलला लावायची खोड आहे. एजंट सोलापुरातलाच. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्यानं नाव लिहीत नाही. त्याच्या बसनं आमच्या गल्लीतली निम्मी माणसं तिरुपती-श्रीशैलम करून आलेली, कोणाची काही तक्रार नव्हती. तिकडे त्यानं व्यवहार चोख ठेवला, हे मुद्दाम सांगते, कारण 'ओळखीचा आहे ना, मग झालं' हे वाक्य मला पुढे बऱ्याच जणांकडून ऐकावं लागलं.

जहाज सिंगापूरच्या मरीना बे टर्मिनलवरून सुटणारं, चार रात्रींचं, पेनांग आणि फुकेत करून परत सिंगापूरला. सोलापूरहून रेल्वेनं मुंबई, तिथून विमान, जहाजाआधी सिंगापुरात दोन रात्री आणि नंतर एक. दीरांनी आधी चौकशी केली होती. जहाज कंपनीच्या प्रतिनिधीकडे विमान, हॉटेल आणि बंदरापर्यंतची गाडी असं सगळं एकत्र मिळत होतं, पण महाग. हॉटेल ते देतील ते. दुसरा मार्ग म्हणजे जहाज तेवढं कंपनीकडून घ्यायचं आणि बाकीचं आपलं आपण नेटवरून काढायचं. स्वस्त पडतं, पण विमान लेट झालं तर जहाज आपल्यासाठी थांबत नाही.

आमच्या या दोलायमान अवस्थेत हा गृहस्थ बरोबर मधे बसला. "कंपनीकडून घ्याल तर उगाच जास्त जातील ओ अण्णा, आणि स्वतः काढाल तर तिकडं अडकल्यावर कुणाला फोन लावणार? माझ्याकडून घ्या. भाव तुमचा, जबाबदारी माझी." दोन्हीकडची भीती त्याला पाठ होती. माणशी 1,18,000 ठरले. चौघांचे 4,72,000 आणि त्यावर परदेशी पॅकेजचा टीसीएस, म्हणजे एजंटनं गिऱ्हाइकाकडून घेऊन सरकारला भरायचा कर, तेव्हाच्या दरानं 5 टक्के, म्हणजे 23,600. टीसीएस तेवढा रोख मागितला. "तो सरकारला भरायचा असतो, वेगळा ठेवतो," म्हणाला.

आता त्यानं डाव कसा टाकला ते नीट बघा. पहिले एक लाख दीरांच्या क्रेडिट कार्डवरून घेतले आणि क्रूझचं बुकिंग खरोखर केलं. कंपनीच्या संकेतस्थळावर बुकिंग नंबर आणि आडनाव टाकलं की आमची केबिन, डेक, जेवणाची वेळ, सगळं दिसायचं. पुढे उरलेली रक्कमही त्यानं मुदतीत भरली. सिंगापूरचा व्हिसाही खरा निघाला. सगळ्यात महाग आणि सगळ्यात अवघड वाटणाऱ्या दोन गोष्टी खऱ्या म्हटल्यावर विमानाच्या तिकिटावर शंका घ्यायची कुणाला सुचणार? जहाज हे त्याच्या गळाला लावलेलं आमिष होतं, आणि ते खरं असणं त्याला परवडत होतं.

विमानाचं काय केलं? मोठ्या कंपनीच्या विमानात एजंटला पैसे न भरता काही काळ जागा धरून ठेवता येते. तेवढ्यावर सहा अक्षरी पीएनआर तयार होतो, विमान कंपनीच्या साइटवर तो उघडतो, चौघांची नावं दिसतात. त्यानं आम्हाला हे समोर बसवून दाखवलं. ठरलेल्या वेळेत तिकीट काढलं नाही की ती जागा आपोआप सुटते. पैसे भरून तिकीट निघालं असेल तर प्रत्येक प्रवाशाच्या नावापुढे तेरा आकडी तिकीट नंबर येतो, पहिले तीन आकडे विमान कंपनीचे. एअर इंडिया असेल तर 098, सिंगापूर एअरलाइन्स असेल तर 618. आमच्या कागदावर पीएनआर ठळक होता आणि तिकीट नंबरच्या जागी नुसती रेघ. नंतर त्या रेघेवर बोट ठेवून मी किती वेळ बसले होते, विचारू नका.

हॉटेलची युक्ती त्याहून सोपी. 'विनामूल्य रद्द करता येईल, पैसे हॉटेलवर भरा' अशा प्रकारची खोली नेटवर कुणीही एका मिनिटात धरतो. त्याचं व्हाउचर छापायचं, वर 'पूर्ण रक्कम भरली' असा शिक्का मारायचा, गिऱ्हाइकाला द्यायचं आणि मग खोली रद्द करायची. खर्च शून्य.

निघायला आठवडाभर राहिला असताना जाऊबाईंनी माझ्यामागे टुमणं लावलं. त्यांचं इन्सुलिन चालू आहे. "ताई, खोलीत फ्रिज आहे का ते एकदा विचारा की, तुम्हाला इंग्रजी जमतं." हॉटेल लिटल इंडिया भागातलं. व्हाउचरवरचा फोन नंबर न लावता मी हॉटेलच्या साइटवरचा लावला, कारण व्हाउचरवरचा छपाईत अर्धा पुसला होता. पलीकडच्या मुलीनं बुकिंग नंबर विचारला, मी सांगितला. जरा थांबून म्हणाली की हे बुकिंग रद्द झालेलं आहे. मी पुन्हा आकडे वाचून दाखवले. तिनं रद्द केल्याची तारीख सांगितली. आम्हाला व्हाउचर मिळालं त्याच्या दुसऱ्याच दिवसाची. मी कॅलेंडरवर तिथंच गोल केला आणि फ्रिजचं विचारायचं राहूनच गेलं.

लगेच विमानाचा पीएनआर टाकून बघितला. 'बुकिंग सापडत नाही.' एजंटला फोन लावला तर म्हणाला, "सिस्टीम अपडेट होतीय ओ वहिनी, संध्याकाळपर्यंत दिसंल." संध्याकाळी त्याचा स्वतःहून फोन आला, आणि हा भाग सगळ्यांनी लक्षात ठेवावा असं मला वाटतं. विमान कंपनीनं भाडं वाढवलंय, जुन्या दराचं तिकीट रद्द झालंय, माणशी अठरा हजार फरक आत्ता टाकला तर रात्रीत काढून देतो, असं त्याचं म्हणणं. पैसे भरून निघालेल्या तिकिटाचं भाडं नंतर विमान कंपनी अशी वाढवत नाही. त्याला आमची कोंडी नेमकी माहीत होती. क्रूझ इतक्या जवळ आल्यावर रद्द केली तर हाती जवळजवळ काहीच परत येत नाही. जहाज ठरल्या दिवशी सुटणार. म्हणजे माणूस आधीचे पैसे वाचवायला आणखी पैसे टाकतो. साधी सहल असती तर आम्ही घरी बसलो असतो आणि त्याच्या दारात जाऊन बसलो असतो. क्रूझमध्ये तेवढी सवडच मिळत नाही.

ह्यांनी फरक भरायला साफ नकार दिला. त्यानंतर फोन बंद, दुकानाला कुलूप.

तिकिटं आम्ही विमान कंपनीच्या साइटवरूनच काढली, जवळपास दुप्पट भावानं. दीरांच्या मुलाला जहाज सुटायच्या दिवशीच सकाळी पोचणारं एक स्वस्त विमान सापडलं होतं. मुंबई-सिंगापूर साडेपाच तासांच्या आसपास, घड्याळ तिकडे अडीच तास पुढे, कागदावर सगळं बसत होतं. पण जहाजाचा चेक-इन सुटायच्या वेळेच्या बराच आधी बंद होतो, त्यात इमिग्रेशनची रांग. मी नाही म्हटलं. एक दिवस आधीचं काढलं, हॉटेलही थेट हॉटेलच्या साइटवरून, सिद्धेश्वर एक्सप्रेसनं मुंबई गाठली. सहल झाली. जहाज छान होतं, त्याबद्दल काही म्हणणं नाही.

सिंगापूरला जाताना आणखी एक चिल्लर चोरी लक्षात आली. तिथं उतरण्याआधी तीन दिवसांत ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरावं लागतं. सरकारी साइटवर ते फुकट आहे. एजंटनं माणशी दीड हजार 'अरायव्हल कार्ड फी' लावली होती.

परत आल्यावर भाच्यानं माझा फॉर्म 26एएस, म्हणजे आपल्या नावावर भरलेल्या कराची आयकर खात्याकडची नोंद, उघडून दाखवला. एजंटनं पॅन घेऊन टीसीएस भरला असता तर तिमाहीचं विवरण गेल्यावर तिथं नोंद दिसायला हवी होती. चौघांच्याही खात्यात काही नाही.

तक्रार करायला गेलो तेव्हा एका ठिकाणी आम्हाला 'हा दिवाणी व्यवहार आहे' असं सांगून वाटेला लावायचा प्रयत्न झाला. लेखी तक्रार दिली आणि पोच घेतली. ऑनलाइन पैसे गेल्यावर 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करायचा असतो, पण तो पैसे गेल्या गेल्या करायचा. आमचे पैसे जाऊन महिने झाले होते. कार्डवरून गेलेल्या लाखाबद्दल बँकेकडे दाद मागितली, तर ते पैसे क्रूझचेच होते आणि क्रूझ मिळाली होती, म्हणून तिथं काही हाती लागलं नाही. हेसुद्धा त्यानं विचार करूनच केलं असणार. कार्डावर क्रूझ, आणि बुडवायचं ते सगळं यूपीआय आणि रोखीत.

मग जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं शुल्क नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, ऑनलाइनही करता येते. एजंटच्या वकिलाचं उत्तर वाचून मला हसावं की रडावं कळेना. त्यांच्या अशिलानं म्हणे फक्त क्रूझ विकली, ती व्यवस्थित मिळाली. विमान आणि हॉटेल ग्राहकांनी आपलं आपण केलं, आणि पुरावा म्हणून आम्ही शेवटी काढलेली तिकिटंच जोडली! जो माणूस 'स्वतः काढू नका' म्हणून आमच्या सोफ्यावर तासभर बसला होता, तोच.

इथं पावत्या कामी आल्या. त्याच्याच सहीच्या पावतीवर 'सिंगापूर पॅकेज, विमान-हॉटेल-क्रूझसह' लिहिलेलं आहे आणि खाली टीसीएसची रक्कम. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश आणि आवाजाच्या नोंदी नुसत्या दिल्या तर अडचण येऊ शकते, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडलेलं बरं. म्हणून तुमच्या बाबतीत काही खटकलं तर फोन बदलू नका, चॅट पुसू नका, आणि रोख दिले असतील तर पावतीवर 'रोख' हा शब्द लिहून घ्या. पावती देत नसेल तर पैसेही देऊ नका, मग तो गल्लीतला असो की पाहुण्यातला.

आमची तक्रार कळल्यावर विजापूर रोडकडचं एक कुटुंब भेटायला आलं. त्यांची क्रूझ वेगळी, तारीख वेगळी. त्यांनी पिशवीतून व्हाउचर काढलं तर हॉटेल तेच, शिक्का तोच, आणि बुकिंग नंबर आमचाच. नावं तेवढी बदललेली. दोन्ही व्हाउचर शेजारी ठेवून वकिलांनी फोटो काढला आणि मूळ प्रती आमच्याकडून मागून घेतल्या.