टेन्स मशीन, आठ महिने वापरून: मशीन बरंय, पॅडनी वैताग आणला

टेन्स म्हणजे कातडीवर चिकट पॅड लावून नसांना हलका करंट देणारं, दुखणं कमी करायचं छोटं मशीन. आता थेट मुद्द्यावर येते. दोन वर्षांपूर्वी पावसात शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायरीवरून घसरले, उजवं कोपर मोडलं. हाड जुळलं पण नस दुखावली ती दुखावलीच, करंगळी आणि अनामिकेत मुंग्या, रात्री नुसती आग. विळीवर नारळ खवायचा म्हटलं की पोटात गोळा. मुंबईच्या डॉक्टरांनी नसेजवळ बारीक तार बसवून करंट द्यायचा उपाय सांगितला, खर्च ऐकला आणि म्हटलं आधी कातडीवरून करंट देणारं हे अठराशेचं बघू.

100 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला करंटचे शंभर बारीक ठोके, मुंग्या जाणवतील पण टोचणार नाही इतपत ठेवते, अर्धा तास. तेवढा वेळ दुखणं खरंच मागे सरतं, बंद केल्यावर तासभर बरं. मेलझॅक आणि वॉल या दोन संशोधकांनी 1965 मध्ये मांडलं ना, स्पर्शाच्या नसा जाग्या केल्या की मज्जारज्जूतच दुखण्याच्या निरोपाला दार लोटलं जातं, तेच हे. लागल्यावर आपण चोळतो तसं. सेलवर चालतं, लाईट गेली तरी अडत नाही.

पण ते पॅड! पुस्तिकेत वीस-तीस वेळा लिहिलंय, माझे चौथ्याच वापरात घसरले. एक कोपरा सुटला की सगळा करंट उरलेल्या जागेत दाटतो आणि लाल मुंगळा चावल्यासारखं होतं. कस्टमर केअरला फोन केला तर म्हणे मॅडम, दमट हवा वॉरंटीत येत नाही. चार पॅड साडेतीनशेला, म्हणजे पाच पाकिटांत मशीनचे पैसे. रागाने एक स्टार देऊन मोकळी झाले.

मग कुडाळच्या फिजिओ मॅडमनी विचारलं, काकू हाताला तेल लावता का? लावते की, रोज सकाळी खोबरेल! ओशाळले हो. आता हात साबणाने धुऊन, कोरडा करून पॅड लावते, झालं की पॅडच्या चिकट जेलला पाण्याचं एक बोट लावून, प्लॅस्टिकवर चिकटवून फ्रिजमध्ये. दहा-बारा वेळा टिकतात. म्हणून तीन स्टार. जुलैत मात्र वरून जुना रुमाल बांधावा लागतोच.

शेजारचे भाऊकाका गुडघ्याला मागायला आले होते. त्यांना पेसमेकर आहे, या करंटने त्यात गडबड होऊ शकते, म्हणून दिलं नाही, तर रुसलेत.