शिआनमध्ये आम्हाला कसं फसवलं, ते वाचून मगच जा

चीनमधल्या शिआनला पहिल्या सम्राटाच्या समाधीजवळ सापडलेली मातीच्या सैनिकांची फौज बघायला जायचा विचार असेल तर एक गोष्ट आधीच सांगते. रेल्वे स्टेशनबाहेर जो माणूस आपणहून तुमच्याकडे येईल, त्याच्यामागे जाऊ नका. गळ्यात ओळखपत्र असो, अंगात लाल जाकीट असो, हातात तिथे जाणाऱ्या सरकारी बसचा नंबर, ३०६, लिहिलेली पाटी असो. आम्हा नवरा-बायकोला ज्याने गाठलं त्याच्याकडे हे सगळं होतं.

शिआन म्हणजे जुनं छांगआन, थांग राजांची राजधानी. आमचे हे शाळेत इतिहास शिकवायचे, आणि ह्युएन त्संग त्यांचा फार जिव्हाळ्याचा. भारतातून निघालेला हा चिनी भिक्षू ६४५ मध्ये याच शहरात परतला. त्याने आणलेल्या पोथ्या ठेवायला ६५२ मध्ये बांधलेला मोठा पॅगोडा आजही उभा आहे. पुलकेशीच्या काळातल्या आपल्या महाराष्ट्राबद्दल त्याने लिहून ठेवलंय, की इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत. निवृत्तीनंतर पहिला परदेश कोणता, यावर आमच्या घरी चर्चाच झाली नाही. शहर मनासारखं निघालं. मिंगकाळातली तटबंदी जवळजवळ १४ किलोमीटरची, तिच्यावर भाड्याने सायकली मिळतात. शाकाहारी माणसाचे हाल होतील असं सगळ्यांनी घाबरवलं होतं, पण लियांगपी नावाच्या गार शेवयांवर आमचं छान निभावलं.

मातीचे सैनिक शहरात नाहीत. ते लिंतोंगच्या म्युझियममध्ये, शिआनच्या पूर्वेला पस्तीस-चाळीस किलोमीटरवर. स्टेशनच्या पूर्वेकडच्या चौकातून ३०६ क्रमांकाची सरकारी बस जाते, भाडं दहा युआनच्या आत. हे आम्ही वाचून गेलो होतो, आणि फसवणाऱ्यांना हेही पक्कं ठाऊक असतं की तुम्ही वाचून आलाय. म्हणून तर तो माणूस आमच्याशी दुसरं काही न बोलता नुसतं "थ्री झिरो सिक्स, थ्री झिरो सिक्स" म्हणत पुढे चालू लागला. बसच्या काचेला आतून ३०६ चा पुठ्ठा लावलेला. बसमध्ये आधीच चिनी कुटुंबं बसली होती, लेकुरवाळी, डबे घेऊन आलेली. तेही आमच्यासारखेच गळाला लागलेले होते, हे नंतर कळलं.

बस सुटल्यावर माइक घेऊन एक मुलगी उभी राहिली. गोड बोलायची, आम्हाला इंग्रजीतही थोडं सांगायची. म्युझियमची ऑनलाइन तिकिटं संपत आलीत, पासपोर्ट दाखवा, मी लगेच काढून देते, आणि वाटेत सम्राटाचा भूमिगत राजवाडाही याच पॅकेजमध्ये. माणशी ३०० युआन. एक युआन साधारण बारा रुपयांना धरा, म्हणजे दोघांचे सात हजारांच्या वर. खऱ्या म्युझियमचं तिकीट १२० युआन आहे, तेही पासपोर्ट क्रमांकावर आपलं आपल्याला काढता येतं, आणि त्यातच सम्राटाच्या समाधीचं उद्यान आणि दोन्हींमधली बस धरलेली असते.

आता त्या राजवाड्याबद्दल. एका मोठ्या शेडमध्ये प्लॅस्टरच्या भिंती, हिरवे-निळे दिवे, मध्ये पाऱ्याची नदी म्हणून चमचमणारं काहीतरी, आणि एका चौथऱ्यावर शवपेटी. बाहेर एक म्हातारे गृहस्थ बसवलेले. विहीर खणताना सैनिक ज्यांना सापडले तेच हे शेतकरी, असं सांगून फोटोचे वेगळे पैसे. खरी गोष्ट अशी आहे की छिन शी ह्वांग, म्हणजे हाच पहिला सम्राट, इ.स.पू. २१० मध्ये वारला, त्याच्या समाधीचा मातीचा ढिगारा लिंतोंगमध्ये आहे, आणि तो आजपर्यंत कोणीही उघडलेला नाही. आत पाऱ्याच्या नद्या आहेत असं जुन्या इतिहासकाराने लिहिलंय, तिथल्या मातीत पाऱ्याचं प्रमाण जास्त आढळलंय, बस एवढंच. त्यामुळे सम्राटाची कबर आतून दाखवतो असं जो म्हणेल, तो खोटं बोलतोय. ही एकच खूण लक्षात ठेवली तरी खूप झालं. लिंतोंगमधल्या अशा नकली ठिकाणांवरून २०१७ मध्ये चीनमध्येच मोठी ओरड झाली होती आणि प्रशासनाने कारवाईही केली होती. धंदा मात्र पूर्ण संपलेला नाही, हे आम्ही भोगून आलो.

तिथून जेडचं, म्हणजे दागिन्यांच्या हिरवट मौल्यवान दगडाचं दुकान. दाराला आतून कडी नव्हती, पण बस निघून गेली होती आणि बाहेर ऊन होतं, त्यामुळे सगळे आतच. एका विक्रेत्याने माझ्या हातातल्या हिरव्या बांगड्यांकडे बोट दाखवलं, मोबाईलवर काहीतरी टाइप केलं आणि स्क्रीन माझ्यासमोर धरला. भाषांतर आलं होतं: तुमच्या देशात हिरवी बांगडी सौभाग्याची असते. त्यांचा अभ्यास बघा. मग त्याने लांत्येनच्या जेडचं कंगण दोऱ्याला टांगून टिचकी मारली, ते किणकिणलं. त्याने काचेवर ओरखडा काढून दाखवला. याने काहीच सिद्ध होत नाही, काचेवर ओरखडा साधी गारगोटीही काढते. २८०० युआनपासून सुरू झालेला भाव ६८० वर आला तेव्हा आजूबाजूचे सगळे घेत होते. आम्ही सुनेसाठी आणि मुलीसाठी एकेक घेतलं. लांत्येन हे शिआनजवळचंच गाव आणि तिथलं जेड खरोखर प्रसिद्ध आहे, म्हणून ही थाप पचते. संध्याकाळी खिडकीशी धरून पाहिलं तर कंगणाच्या आत सुईच्या टोकाएवढे गोल बुडबुडे होते, एका ओळीत. दगडात असे बुडबुडे नसतात. काच होती ती.

शेवटी त्यांनी आम्हाला खऱ्या म्युझियमला नेलं. या साऱ्या कारस्थानात मला सगळ्यात जास्त संताप आणणारी गोष्ट हीच. खरं ठिकाण शेवटी दाखवतात, त्यामुळे माणूस थकून, पण समाधानाने घरी जातो आणि तक्रार करत नाही. पण दुपार उलटून गेलेली असते, पाचच्या सुमारास प्रवेश बंद होतो आणि गाइड झेंडा नाचवत घाई करते. सैनिक ज्या खड्ड्यांत उभे आहेत, त्यातला पहिला खड्डा २३० मीटर लांब आणि ६२ मीटर रुंद आहे. जगभरातून माणसं ज्यासाठी येतात, तिथे आम्हाला कठड्यापाशी गर्दीत दहा मिनिटं उभं राहायला मिळालं. ह्यांनी आयुष्यभर फळ्यावर शिकवलेली गोष्ट! पैशांचं एक वेळ सोडून देईन, हे सोडणार नाही.

हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीने सहज विचारलं, काय काय पाहिलं? हे म्हणाले, राजवाडा. ती म्हणाली, तो तर आम्हीसुद्धा पाहिलेला नाही. मग तिने आमच्याकडच्या पावत्या मागून घेतल्या आणि स्वतः १२३४५ वर फोन लावला. हा चीनमधला सरकारी तक्रारींचा क्रमांक आहे, पोलिसांसाठी ११०. चीनचा पर्यटन कायदा १ ऑक्टोबर २०१३ पासून लागू आहे. त्याच्या ३५ व्या कलमानुसार स्वस्त सहलीचं आमिष दाखवून दुकानांत नेऊन नफा कमावायला बंदी आहे, आणि असं झालं तर सहल संपल्यापासून ३० दिवसांत माल परत करून पैसे मागता येतात. आम्ही कंगणांचे पैसे मोबाईलवरून अलिपे या चिनी पेमेंट अॅपने दिले होते, त्यामुळे दुकानाचं नाव, वेळ, रक्कम सगळी नोंद होती. पावतीवर लाल शिक्का होता. पॅकेजचे ६०० युआन मात्र बसमधल्या मुलीने रोख घेतले होते, पावती नाही. अनोळखी ठिकाणी पैसे देताना रोख देऊ नका, आणि बसच्या नंबरप्लेटचा फोटो काढून ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर आम्ही पुन्हा लिंतोंगला गेलो. मेट्रोची ९ नंबरची लाइन २०२० मध्ये सुरू झालीय, ह्वाछिंगछ स्टेशनला उतरायचं आणि पुढे सिटी बस. हॉटेलमधल्या मुलीने म्युझियमचं नाव चिनी अक्षरांत कागदावर लिहून दिलं होतं, तो कागद ड्रायव्हरला दाखवला की काम झालं. मेट्रोच्या दाराशीही दोघे-तिघे "गाइड, गाइड" करत आले, कागद दाखवून सरळ पुढे निघालो. पहिल्या खड्ड्यात १९७४ साली शेतकऱ्यांनी विहीर खणली ती जागा पाटी लावून दाखवलेली आहे. दुसऱ्या खड्ड्यापाशी गुडघा टेकून बसलेला धनुर्धारी काचेच्या पेटीत ठेवलाय. त्याच्या पाठीवर चिलखताच्या पट्ट्यांवर लाल रंगाचे अंश अजून दिसतात, आणि बुटाच्या तळव्याची शिवणसुद्धा एकेक टाका मोजता येईल इतकी स्पष्ट आहे. हे त्या पेटीभोवती किती वेळ फिरत होते कोण जाणे, मी घाई केली नाही.

कंगणं आम्ही काउंटरवर ठेवून बीजिंगला गेलो. दुकानाचा माणूस येऊन ती घेऊन गेला आणि पैसे अलिपेवरून कार्डात परत आले, पूर्ण. पॅकेजचे पैसे मिळालेले नाहीत, कारण बस कोणाची हेच आम्हाला सांगता आलं नाही. त्या हॉटेलच्या मुलीला आम्ही घरून मसाले आणि पैठणीच्या कापडाची पर्स पाठवली आहे.