जुने फोम मशीन घ्यायचे तर हवेवरचे की इलेक्ट्रिक?

तासगावच्या बेदाणा कोल्ड स्टोरेजना किंवा कुपवाडच्या शेडना उष्णता अडवणारा पॉलियुरेथेन फोम मारायचा आणि मशीन जुनेच घ्यायचे, तर आधी वीज बघा. हवेवरचे मशीन स्वस्त पडते, पंप साधा असतो, पण मोठा कॉम्प्रेसर लागतो. शिवाय हीटरला वीज लागतेच, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. इलेक्ट्रिकमध्ये दाब स्थिर राहतो, मात्र कंट्रोल बोर्ड गेला की काम ठप्प.

फोम दोन रसायने मिसळून बनतो, त्यातले एक आयसोसायनेट; दोन्ही मशीनांत खरा धोका त्याच बाजूला. ओलावा लागला की त्याचे खडे होतात आणि पंपाचे पॅकिंग कापले जाते. म्हणून पैसे देण्याआधी दोन्ही बाजूंचे रसायन एकाच वेळी दोन वेगळ्या मापाच्या भांड्यांत सोडा. प्रमाण १:१ भरलेच पाहिजे, नाहीतर फोम चिकट किंवा ठिसूळ होतो. होज, म्हणजे रसायन नेणारा गरम होणारा पाइप, तापवून टोकापर्यंत हात फिरवा. कुठे थंड लागला तर आतल्या हीटिंगमध्ये बिघाड समजा. नवीन होज महाग, तेवढी किंमत उतरवून मागा. हवा पुरवणारा मास्क मात्र नवाच घ्या.

गावोगावी छोटी कामे असतील तर हवेवरचे पुरते. खात्रीची थ्री-फेज आणि रोज मोठी छते असतील तर इलेक्ट्रिकच घ्या.