पाचशे लिंका, वाचक एकही नाही

निफाडकडे माझी दोन एकर द्राक्षबाग आहे आणि तिच्यावर मी ब्लॉग लिहितो. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, डावणीचा रोग कधी आला, कुठली फवारणी वाया गेली, असं सगळं. दिवसाला तीस-चाळीस जण वाचायचे. एके दिवशी एका 'एसईओ एक्स्पर्ट'चा, म्हणजे साइट गूगलवर वर आणून देतो म्हणणाऱ्याचा, फोन आला. "सर, लिहिता एक नंबर, पण बॅकलिंकच नाहीत. गूगलला कळणार कसं?"

यात खोटं काही नव्हतं, म्हणूनच मी फसलो. दुसऱ्या साइटने आपल्याला लिंक दिली म्हणजे आपल्या बाजूने मत दिलं, या कल्पनेवर लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये गूगलची पायाभरणी केली, एवढं मी वाचलं होतं. मतं विकतही मिळतात, हे गावच्या एवढ्या निवडणुका बघूनही डोक्यात आलं नाही!

पाचशे लिंका, बारा हजार रुपये. अर्धे आधी, उरलेले 'डीए' (डोमेन ऑथॉरिटी, साइटचं वजन सांगणारा शंभरपैकी आकडा) वाढल्यावर. तीन आठवड्यांत डीए ४ वरून २३ झाला. मी खूश होऊन उरलेले पैसेही पाठवले. हा आकडा मॉझ नावाच्या कंपनीचा स्वतःचा अंदाज असतो, गूगल तो धरतच नाही, हे नंतर समजलं.

त्याने पाठवलेली एक्सेल शीट एका रात्री उघडून बसलो. पहिली लिंक बुटांच्या सेलच्या इंग्रजी पानावर. मजकुराच्या मधोमध, मागचा-पुढचा काही संबंध नसताना, निळ्या अक्षरांत 'द्राक्ष छाटणी माहिती'. दुसरी ऑनलाइन जुगाराच्या साइटवर. तिसरी रशियनमध्ये. पुढे तर तेच ते पान, फक्त साइटचं नाव वेगळं. चाळिसाव्या ओळीला लॅपटॉप मिटला. बरं, वाचक वाढलेले दिसत होते, पण रात्री अडीच वाजता, परदेशातून, शून्य सेकंदांसाठी.

दोन महिन्यांनी सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे गूगल साइटमालकांना जिथे कळवतं तिथे, नोटीस आली: साइटकडे येणाऱ्या अनैसर्गिक लिंका, मॅन्युअल ॲक्शन (गूगलच्या माणसांनी तपासून केलेली कारवाई). रँकिंगसाठी लिंक विकत घेणं गूगलच्या नियमांत बसत नाही. २०१२ च्या 'पेंग्विन' अपडेटपासून तर ते याच्या मागेच लागलेत. डावणीवरचा माझा लेख पहिल्या पानावर असायचा, तो पाचव्यावरही सापडेना. त्याला फोन केला तर म्हणतो, "काढायचे आठ हजार वेगळे लागतील सर."

शेवटी मीच एकेक डोमेन टेक्स्ट फाइलमध्ये उतरवून 'या लिंका धरू नका' असं गूगलला कळवायच्या डिसअव्हाव टूलमध्ये टाकलं. फेरविचाराच्या अर्जात आधी 'कुणीतरी खोडसाळपणा केला' असं लिहिलं. नाकारला. दुसऱ्यांदा विकत घेतल्याचं सरळ कबूल केलं, तेव्हा कारवाई उठली. जुने वाचक अजून पुरते परतलेले नाहीत.

तुम्हाला असा फोन आलाच तर पैसे द्यायच्या आधी, लिंक कुठे लावणार त्या तीन साइटची नावं मागा आणि स्वतः उघडून बघा. "ते आमचं सिक्रेट आहे" म्हणाला की फोन ठेवा. 'पहिल्या नंबरची गॅरंटी' कुणीच देऊ शकत नाही, असं गूगल स्वतः सांगतं. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मी तीन महिन्यांनी केला, तोवर उशीर झाला होता.

परवा नव्या नंबरवरून फोन आला. आवाज तोच, नाव दुसरं. "सर, तुमच्या साइटला खूप खराब लिंका लागल्यात. काढून देऊ का?"