जुना रॉक चकर: खर्च प्रेसवर कमी, टेबलावर जास्त

आरसीबीएस कंपनीचा जुना रॉक चकर, म्हणजे वापरलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या घरी पुन्हा भरायचा हाताचा प्रेस, गेल्या हिवाळ्यात एका इस्टेट सेलमधून (घरातलं जुनं सामान विकतात तिथून) घेतला. किंमत नव्याच्या निम्म्याहून कमी, हिरवा रंग जागोजागी उडालेला, सांध्यांतलं ग्रीस वाळून घट्ट झालेलं. तेव्हापासून ओहायोतल्या आमच्या बेसमेंटमध्ये मी रायफलच्या .३०८ आणि रिव्हॉल्व्हरच्या .३८ स्पेशल या दोनच प्रकारच्या पुंगळ्या त्यावर भरते आहे.

‘ओ’ आकाराचा बिडाचा सांगाडा असल्यामुळे याला मोडण्यासारखं फारसं काही नाही. रॅम, म्हणजे पुंगळी वर ढकलणारा दांडा, थोडा हलतो म्हणून अनेक जण जुना प्रेस नाकारतात. पण रॅमच्या टोकावरच्या शेल होल्डरमध्ये पुंगळी मुळातच जराशी सैल बसते आणि वर गेल्यावर डायच (पुंगळीला आकार देणारा साचा) तिला मध्यावर आणतो. रॅम अडकतो का, त्यावर उभे ओरखडे आहेत का, एवढं बघा. तेवढं ठीक असेल तर घासाघीस करून घेऊन टाका.

पहिलं काम सफाईचं. पिना काढून हँडल आणि रॅम जोडणारं लिंकेज सुटं केलं, मिनरल स्पिरिट्सनं धुतलं, कोरडं केलं आणि रॅमवर हलक्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवला. जाड ग्रीस मी मुद्दाम टाळते. जुना प्रायमर, म्हणजे पुंगळीच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी, डायमधल्या पिनेनं बाहेर पडतो तेव्हा त्याची काळी राख खाली रॅमवर आणि सांध्यांत सांडते, ग्रीस ती धरून ठेवतं आणि मग तीच धातू घासते. तेल लावल्यावर हात धुतल्याशिवाय नव्या प्रायमरला शिवत नाही, कारण तेलानं प्रायमर निकामी होऊ शकतो.

या राखेत शिसं असतं, आणि मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते याबद्दल. कोरड्या ब्रशनं झटकली की ती हवेत जाते, म्हणून ओल्या कपड्यानंच पुसायची. हातात ग्लोव्ह्ज, टेबलावर चहाचा कपसुद्धा नाही, आणि त्या खोलीत मुलांना प्रवेश नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं २०२१ मध्ये लहान मुलांच्या रक्तातल्या शिशासाठीची संदर्भ पातळी ५ वरून ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरवर आणली. घरात पोर असेल तर प्रायमर पकडणारी बंद बाटली आधी घ्या, बाकीची हौस नंतर.

खरा फरक पडला तो टेबलामुळे. .३०८ ची पुंगळी पूर्ण साइझ करताना, म्हणजे दाबून पुन्हा मापात आणताना, हँडलवर चांगलाच जोर लागतो. परत येताना एक्सपांडर बॉल (मान आतून मापात आणणारा गोळा) पुंगळीच्या मानेतून ओढला जातो तेव्हा हलकं टेबल पुढून उचलतंच. प्लायवूडचे दोन थर एकावर एक चिकटवले, टेबल भिंतीतल्या लाकडी खांबांना बोल्टनं कसलं, खाली लोखंडी पट्टी घातली. आता पुंगळी अडखळली की हाताला लगेच कळतं. मानेच्या आत थोडं ल्यूब, म्हणजे वंगण, लावलं की तो ओढाही बराच कमी होतो. .३८ ला कार्बाइडचा कठीण, गुळगुळीत डाय असल्यानं ल्यूबची कटकट नाही.

डायचे आटे ७/८ इंच व्यासाचे, इंचाला १४, हे माप जवळजवळ सगळीकडे तेच. ज्या बुशिंगमध्ये डाय बसतो ते काढून हॉर्नाडी कंपनीचं लॉक-एन-लोड हे झटपट डाय बदलायचं बुशिंग बसवलं. बायोनेट होल्डरमधल्या बल्बसारखा डाय थोडासा फिरवून निघतो. मनगट वाचतं, अचूकता वाढत नाही. बेअरिंगवर फिरणारी मूठही छान आहे, पण चैनच. त्यापेक्षा सांगाड्याच्या आत चिकटवलेली एलईडी पट्टी मोलाची: बुलेट बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत डोकावून पावडरची पातळी बघता येते. पावडरचं माप मात्र छापील मॅन्युअलमधूनच, कुणाच्या सांगण्यावरून नाही. प्रायमर मी प्रेसवर न बसवता हाताच्या टूलनं बसवते, खोबणीचा अंदाज बोटांना नीट येतो.

वेग हवा असेल तर हे यंत्र तुमचं नाही. दर आठवड्याला पिस्तुलाच्या मॅचला जाणाऱ्यानं सरळ प्रोग्रेसिव्ह, म्हणजे हँडलच्या प्रत्येक ओढीला एक गोळी तयार करणारा प्रेस, घ्यावा. रायफलच्या मोजक्या, निगुतीनं भरलेल्या गोळ्यांसाठी मला याहून जास्त काही लागत नाही.

पुण्याच्या मावसभावानं विचारलंच, “ताई, एखादा इकडे पाठवतेस का?” नाही रे बाबा. इथे स्वतःपुरतं भरायला फेडरल परवाना लागत नाही, विकायला लागतो. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ५ काडतुसं बनवायलाच परवाना मागतं.