भूगोलाच्या मास्तरला 1,17,500 रुपयांना बुडवलं

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. नागपुरात 31 वर्षं भूगोल शिकवला आणि मेलबर्नच्या तिकिटात मी 1,17,500 रुपयांना बुडालो.

डिसेंबरात लेकीकडे जायचं होतं. भाडे पाहून डोळे पांढरे झालेले, त्यात सीताबर्डीतल्या एका पोरानं दोघांचं जाणं-येणं एवढ्यात बसवून दिलं. शेजाऱ्यांची तिकिटं त्यानंच काढलेली, त्याचं ऑफिस मी स्वतः पाहिलेलं. कोणा अनोळख्याला पैसे दिले नव्हते मी! 20,000 फोनवरून, 97,500 बँकेतून. खातं त्याच्या ऑफिसच्या नावाचं नव्हतं, ते विचारलं तर म्हणे, "काका, काय टेन्शन घेऊन राहिले?" तिथेच उठायला पाहिजे होतं. तुम्ही उठा.

नागपूर-दिल्लीचा पीएनआर साइटवर टाकला, आमची नावं दिसली. झालो निर्धास्त. दिल्लीच्या पुढचा साइटवर टाकूनच पाहिला नाही.

त्यानं दिलेला पुढच्या तिकिटाचा कागद आता रोज काढून बघतो. दिल्ली 14:15, मेलबर्न दुसऱ्या दिवशी 02:30, प्रवास 12 तास 15 मिनिटं. अंतर सुमारे 10,200 किलोमीटर, थेट विमानाला साधारण तेवढाच वेळ लागतो, म्हणून मला बरोबर वाटलं. अरे, पण तिथलं घड्याळ! डिसेंबरात मेलबर्न आपल्या साडेपाच तास पुढे. पोचायची वेळ सकाळी 08:00 पाहिजे होती. चोट्ट्यानं सुटायच्या वेळेत सव्वाबारा तास मिळवले अन् मोकळा झाला. रेखांशाच्या एका अंशाला 4 मिनिटं, हे फळ्यावर लिहून माझी बोटं झिजली! बायको म्हणालीसुद्धा, "अडीच वाजता रात्री पोरगी घ्यायला येणार का?" मी म्हटलं, टॅक्सी करू.

सोनेगावला विमानतळावर चार बॅगा, त्यात तीन किलो संत्रा बर्फी. काउंटरवरची मुलगी म्हणाली, हे बुकिंग नऊ दिवसांआधीच रद्द झालं. पुढचं तर कधी नव्हतंच. पीएनआर म्हणजे तिकीट नव्हे. 13 आकडी तिकीट नंबर मागा आणि विमान कंपनीला स्वतः फोन करून विचारा.

ऑफिसला कुलूप. ठाण्यात म्हणे सायबरला जा. सायबरवाले म्हणे, तुम्ही माणसाला ओळखत होते, हे सायबर कसं? परत ठाण्यात. एक साहेब तर म्हणाले, विमान दिल्लीचं होतं ना, तक्रार दिल्लीत करा! बँकेत उत्तर एकच, पैसे तुम्हीच पाठवले. 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला तोवर पाच आठवडे उलटले होते, त्या खात्यात 212 रुपये उरलेले. हा फोन पैसे गेले त्याच तासात करायचा असतो.

चौथ्या खेपेला अर्ज घेतला. लिहून घेणाऱ्या शिपायाला वेळेची भानगड समजावली. दोन मिनिटांत त्याच्या ध्यानात आली. पेन थांबवून म्हणाला, "सर, तुम्ही भूगोलाचेच ना?"